विहिरीतला हंसराज, पिशवीतला नेचा

प्रांजलीनं पीएचडीसाठी नेचे निवडले आणि त्याच वर्षी मराठवाड्यात गावोगाव टँकर सुरू झाले. नेच्याला ना फूल, ना फळ. नुसती नक्षीदार पानं, आणि सदा ओल हवी. संभाजीनगरच्या आसपास ओल शोधता शोधता तिची स्कूटी दोनदा पंक्चर झाली. मार्गदर्शक सर म्हणाले, "विषय बदल. निवडुंग घे."

शेवटी फुलंब्रीच्या रस्त्याला मल्हारराव नावाच्या मेंढपाळाच्या विहिरीत तिला एक हिरवा झुपका दिसला. विहीर कोरडी ठाक होती, पण तळाशी दगडांच्या सांदीत थोडी ओल टिकून होती. प्रांजली पायऱ्या उतरली, शेवटच्या पायरीवर पालथी झोपली आणि भिंगातून पानांची मागची बाजू बघू लागली. नेच्याची ओळख पटवायची तर पान उलटावंच लागतं. त्याचे बीजाणू तिथं असतात.

मल्हारराव काठावर बसले होते. अर्ध्या तासानं त्यांना राहवलं नाही.

"लागलं का काही, ताई?"

पानाची कड दुमडलेली होती आणि त्या घडीखाली तपकिरी बीजाणू ठासून भरले होते. प्रांजली आनंदानं ओरडली, "लागलं, मामा! भरपूर आहे!"

मल्हारराव उठले ते थेट वस्तीकडं पळाले. ती वर आली तेव्हा काठावर पंधरा-वीस माणसं जमली होती. घागरी, कळशा, एक प्लास्टिकचा ड्रमही होता. कुणीतरी नारळसुद्धा आणला होता.

"किती फुटावर हाय?" मल्हाररावांच्या बायकोनं, बानाबाईनं विचारलं.

प्रांजलीनं हातातलं पान पुढं केलं. "पाणी नाही, मावशी. हे लागलं. हंसराज नेचा."

सगळ्यांनी पुढं वाकून पान बघितलं. मग बानाबाई म्हणाली, "दिसायला बरा हाय." नारळ मात्र फोडला, आणलेला परत कोण नेणार?

पण नुसतं हंसराज म्हणून भागत नव्हतं. त्यातही जाती बऱ्याच. एकीच्या पानावर बारीक लव असते, दुसरीचं पान गुळगुळीत. घामानं भिंग धुरकटलं होतं, प्रांजलीला काही दिसेना. बानाबाईनं पान घेतलं आणि डोळे मिटून अंगठ्यानं चोळलं. मेंढ्यांची लोकर हाताळण्यात तिची उमर गेली होती.

"लव हाय की. नव्या कोकराच्या कानाला असती तशी."

प्रांजलीनं वहीत लिहून घेतलं. पुढं प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकानंही तेच सांगितलं.

"पर ह्यो इथंच कसा आला?" मल्हाररावांनी विचारलं.

"ओल असल्याशिवाय नेचा उगवत नाही, मामा," ती सहज बोलून गेली.

हे वाक्य तिच्या स्कूटीच्या आधी शहरात पोचलं.

तीन आठवड्यांनी मल्हाररावांचा फोन आला. त्यांचा मुलगा अंगद वाळूजच्या कारखान्यात कामाला होता, त्याच्यासाठी ते शहराच्या कडेला प्लॉट बघत होते. "कारभारी म्हणून हायेत, प्लॉट इकत्यात. त्यांच्या जमिनीवर तुमचा हंसराज उगवलाय. म्हणत्यात, खाली पाणीच पाणी. तुम्ही एकदा बघा."

प्रांजली गेली. उघडा मुरूम, डोक्यावर मे महिन्याचं ऊन, आणि त्यात ओळीनं सहा हिरवेगार नेचे. ओळीनं! मल्हारराव, बानाबाई आणि आणखी चार गिऱ्हाइकं उभी होती. कारभारींनी तिला बघून हात जोडले. "या मॅडम! ह्यांना शास्त्रीय सांगा."

ती गुडघ्यावर बसली, पान उलटलं, भिंग लावलं. "हा हंसराज नाही. हा दुसरा नेचा, नेफ्रोलेपिस."

"ऐका, ऐका!" कारभारी गिऱ्हाइकांना म्हणाले. "नेफ्रोलेपिस!"

"उष्ण प्रदेशातला आहे."

"मग! आपल्याकडं उष्णच हाय."

"त्याला दमट सावली लागते. उन्हात करपतो." प्रांजलीनं बुंध्याला हात घालून हलकेच ओढलं. नेचा मुळांसकट वर आला. खाली काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत नारळाच्या भुशाचा नीट गोल गड्डा होता.

बानाबाई वाकून बघत राहिली. "ह्याचं बी पिशवीसकट पेरत्यात का?"

एका गिऱ्हाइकाला हसू आवरेना. मल्हाररावांनी कारभारींच्या गाडीकडं बोट केलं. मागच्या सीटवर पाण्याचे तीन जार रांगेत बसले होते, एक अर्धा रिकामा.

"खाली पाणीच पाणी हाय, तर वरून कशाला घालता?" त्यांनी विचारलं.

"पाहुणचार हो," कारभारी म्हणाले. "झाडाला पण तहान लागती."

गिऱ्हाइकं पांगली. मल्हाररावांनी शांतपणे सांगितलं की आधी बोअर मारा, पाणी दाखवा, मग बोलू. प्रांजलीला वाटलं होतं कारभारी चिडतील, भांडतील. पण त्यांनी मुरुमावरच बैठक मारली आणि तिच्यासाठी जारमधून ग्लास भरला. तिला तहान लागलीच होती. तिनं घटाघट पिऊन टाकला.

"मॅडम," कारभारी हळूच म्हणाले, "तुमचं शास्त्र लई कामाचं. उन्हात, मुरुमात, पाण्याबिगर तग धरणारं एखादं सांगा की. हिरवं असलं म्हंजे बास."

"निवडुंग," प्रांजली म्हणाली.

"छ्या. तो बघून गिऱ्हाईक पळतं."