शतकाचं घर

अन्नपूर्णेच्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे बासष्ट साली, शालिग्राम गुरुजींनी शाळेच्या ओट्यावर खडूनं तीन घरं आखली. शतक, दशक, एकक. बाभळीचा तासलेला फासा टाकायचा, पडेल तो आकडा होऊन आपल्याला हव्या त्या घरात उभं राहायचं. तिघांचा गट, ज्यांची संख्या मोठी ते जिंकले. एकदा घरात पाय ठेवला की हलायचं नाही.

अन्नपूर्णेला सहा पडला. ती उडी मारून शतकात गेली. तिच्या बापानं, दयारामनं, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सहा वर्षं झाली होती, तरी वर्गात ती दाराशी, चपलांजवळच बसे. इथे ती सगळ्यांत पुढे होती. दशकात चार घेऊन कचरू, एककात दोन घेऊन पंजाबराव पाटलांचा नातू नारायण. सहाशे बेचाळीस.

पाटील रस्त्यानं चालले होते, ते थांबले.

"गुरुजी, शाळेत जुगार खेळून राह्यले का?"

"गणित शिकवून राह्यलो, पाटील."

"मंग या पोरीले मांगं घाला. आमच्या नारायणले पुढं."

गुरुजींनी तोंड उघडायच्या आत अन्नपूर्णेनं पाय रोवले.

"आकडा घरात गेला का हालत नाही. नियम हाये."

"कोणाशी बोलून राह्यली वं?"

"तुमच्याशीच, आबा."

नारायण रडकुंडीला आला. "आबा, तुम्ही जा ना! ते एककात आली तं दोनशे सेहेचाळीस होते. आपण हरतो नं!"

पाटील नातवाकडे पाहत राहिले. मग वाकले, फासा उचलून बंडीच्या खिशात टाकला आणि निघून गेले.

संध्याकाळी त्यांच्या गड्यानं येऊन घरं पुसली. सकाळी गुरुजींनी ती खिळ्यानं फरशीत कोरली. अन्नपूर्णेनं पोळ्याचे बैल करतात तसा ओढ्याच्या मातीचा फासा करून चुलीत भाजून आणला. तो एका अंगाला कलता होता.

"लबाड फासा हाये," नारायण म्हणाला. "सहाच पडते."

"मंग तुह्या आबाकडून खरा आण."

आबांचं तेरावं झाल्यावर नारायण शाळेत आला. डोक्याचा चकोट केलेला. त्यानं मूठ उघडली.

"बंडीच्या खिशातच होता."

अन्नपूर्णेनं फासा घेतला, टाकला. एक पडला. ती चालत गेली आणि एककात उभी राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पंजाबराव पाटील वारले ते त्रेसष्ट सालच्या माघात.