सविताने पुसलेला चेंडू

आमच्या खुटबावच्या मैदानावर मी पन्नास वर्षं सामने पाहिले. आमचे हे, भिमाजी, पंच असायचे. तेव्हा शाळेचा काळा फळा बाभळीला टेकवून त्यावर खडूनं धावा लिहीत. वाऱ्यानं फळा पडला की सगळे मिळून धावा आठवायचे, भांडायचे आणि पुन्हा लिहायचे. हे गेल्याला नऊ वर्षं झाली. आता पंच माझा मुलगा सुदर्शन, आणि धावा मोबाईलवर भरणारी माझी सून सविता.

यंदा शिरूरच्या सत्यजीतनं दोन कॅमेरे आणि लॅपटॉप आणला होता. धावबाद असेल तर लॅपटॉपवर पुन्हा पाहायचं. सविता मोबाईलवर बोट ठेवी, आणि त्याच क्षणी मोठ्या पडद्यावर आकडा बदले. मला ते कधी पटलं नाही. खडूचा आकडा पुसला तर फळ्यावर पांढरा डाग तरी राहतो.

त्यात अंतिम सामना खुटबाव आणि कासुर्डीचा. कासुर्डी म्हणजे सविताचं माहेर. सकाळी ती फोनवर भावाशी हसून बोलताना मी ऐकलं होतं. "दादा, आज बघतेच तुमच्याकडं," म्हणत होती. मंडपात मी मुद्दाम तिच्या मागच्या खुर्चीवर बसले. मला तिची बोटं दिसत होती.

अंतिम सामन्यासाठी दौंडहून यायचा बाहेरचा पंच आलाच नाही, म्हणून सुदर्शनच उभा राहिला. कुरकुंभच्या कारखान्यातली रात्रपाळी करून तो तसाच आला होता. डोळे लाल. चेंडू मोजायला हातात सहा खडे, वडिलांसारखेच. एक चेंडू पडला की एक खडा खिशात.

शेवटच्या षटकात कासुर्डीला दहा धावा हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर एक, दुसऱ्यावर काही नाही. तिसरा थेट शेजारच्या उसात. आमच्याकडं उसात गेला की दोन धावा. अर्धा गाव चेंडू शोधायला उसात घुसला. सापडेना, म्हणून नवा चेंडू काढला. पुन्हा खेळ सुरू झाला आणि फलंदाजानं हवेत बॅट फिरवली. त्याच वेळी सविताचं बोट मोबाईलवर गेलं, थांबलं आणि परत मागे आलं. तिनं काहीतरी पुसलं. मी पाहिलं.

पुढच्या चेंडूवर एक, मग चौकार. सुदर्शननं सहावा खडा खिशात टाकला आणि षटक संपल्याची खूण केली. खुटबाव एका धावेनं जिंकलं. ढोल वाजायला लागले.

तेवढ्यात कासुर्डीची पोरं पडद्याकडं बोट दाखवत धावत आली. "पाचच चेंडू झालेत! मोबाईल बघा!"

हौसराव स्पर्धेचे प्रमुख. ते माइक टाकून मंडपात आले. "ए सविता, उसानंतरचा चेंडू कुठंय? हवेत बॅट फिरवली तो?"

"आप्पा, तो ट्रायल व्हता, मोजायचा न्हाई. नवा चेंडू आला की एक ट्रायल असतो न्हाई का?"

"कोण म्हणलं ट्रायल? सुदर्शन, तू दिला ट्रायल?"

सुदर्शन खिसा चाचपत राहिला. "सहा खडे हायत, आप्पा. मला... ट्रायलचं आठवत न्हाई."

"म्हंजी नवरा म्हणतो सहा, बायको म्हणती पाच," मागून कुणीतरी ओरडलं. "घरीच मिटवा की रातच्याला!" लोक हसले.

"मी पाह्यलं," सत्यजीत लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला. "वहिनींनी एक चेंडू भरला आन् पुसला."

मग हसू थांबलं. हौसरावांचा आवाज चढला. "माहेरासाठी पुसला व्हय? पुढच्या आठवड्यात तुला दौंडला तालुक्याच्या सामन्यांना बसवायचं ठरलं व्हतं. आता कोण बसवील?"

"चुकून शून्य दाबलं, मग नव्या चेंडूचा ट्रायल ध्यानात आला म्हणून पुसलं," सविता म्हणाली. तिनं मोबाईल खाली ठेवला नाही. "व्हिडिओ बघा."

व्हिडिओ लावला. पडद्यावर नुसता ऊस हलत होता. चेंडू शोधणाऱ्यांकडं वळवलेले दोन्ही कॅमेरे सत्यजीतनं वेळेवर परत फिरवले नव्हते. खेळपट्टी दिसतच नव्हती. इकडं मंडपाच्या कडेला गोलंदाज विक्रम, आमच्याच भावकीतला, बुटाच्या नाड्या बांधत बसला होता. न सुटलेल्या नाड्या. आता माझा संशय त्याच्याकडं वळला. याला काहीतरी ठाऊक होतं.

मी डोळे मिटले. हे पंच असताना ट्रायल कसा द्यायचे? तोंडानं कधीच नाही. वाकून स्टंपवर तळहात ठेवायचे. हात स्टंपवर असेपर्यंत पडलेला चेंडू मोजायचा नाही. सुदर्शन हे त्यांच्याकडूनच शिकला. आणि मघाशी तो वाकला होता. मला वाटलं होतं, कंबर दुखतेय पोराची. हात स्टंपवर होता. मग सरळ झाला आणि सवयीनं एक खडा खिशात टाकला. हे सगळं माझ्यासमोर झालं होतं. मी मात्र सुनेची बोटं मोजत बसले होते.

बोलले तर चूक माझ्या लेकाची आणि गावाच्या हातचा चषक अडकतो. गप्प बसले तर ही पोर आयुष्यभर चोर.

"हौसराव," मी उठले. "सुदर्शननं स्टंपवर हात ठेवला व्हता. मी पाह्यला. ट्रायलच व्हता तो. खडा चुकून टाकला त्यानं."

"मावशी, तुम्ही कुठल्या गावच्या?" कुणीतरी टोमणा मारला.

"ह्यांनी तुझ्या बापाला बाद दिला तवापासून याच गावची!"

सुदर्शन माझ्याकडं पाहत राहिला. मग विक्रमकडं वळला. "विक्रम, हात व्हता का?"

विक्रम नाडीवरच बोलला. "व्हता, दादा."

सुदर्शननं खिशातला एक खडा काढून हातात घेतला आणि मैदानाकडं चालू लागला. उजेड उतरायला लागला होता. एक चेंडू, जिंकायला दोन धावा. विक्रम धावत आला आणि फलंदाजाचा मधला स्टंप उडाला.

सवितानं मोबाईलवर बाद भरलं. आपल्या माहेरचा पराभव तिनंच आपल्या बोटानं नोंदवला. पोरांनी विक्रमला खांद्यावर घेतलं. हौसराव माइकवर म्हणाले, "शेवटी आपलीच मॅच!" सविताकडं कुणी फिरकलं नाही.

ती चार्जरची वायर गुंडाळत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्या, तुम्हाला बी वाटलं व्हतं ना, मी माहेरासाठी पुसला म्हणून?"

खोटं बोलता आलं असतं. "व्हय," मी म्हणाले.

ती रागावली नाही. मान हलवून उठली. सुदर्शन आला तेव्हा त्याला म्हणाली, "तुम्ही आत्यांना घेऊन पुढं व्हा. मी दादाच्या गाडीतून कासुर्डीला चाललेय. दौंडच्या सामन्यांना तिथूनच जाईन."

"आत्ता? का गं?"

ती वायर पिशवीत टाकून दादाच्या गाडीकडं निघाली. तो माझ्याकडं वळला. "आई, काय झालं हिला?"

मी त्याच्या मोटरसायकलवर मागं बसले. "चल," म्हणाले, "वाटेत सांगते."