विझणारी लाट

“सर, आधी पाणी घ्या. मंग बोला,” गंधाली म्हणाली.

नीलकंठ सरांनी ग्लास नुसताच हातात धरला. चौबे कॉलनीतल्या तिच्या घराचे दोन जिने चढून त्यांना धाप लागली होती, पण आधी बोलून टाकायचं होतं. पिशवीत तिच्या पीएच.डी.चं तिसरं प्रकरण होतं. अकरा वर्षांपूर्वी तिचे मार्गदर्शक म्हणून त्यांनीच त्यावर लाल शाईने ‘चूक. पुन्हा करा’ असं लिहिलं होतं.

विषय प्लाझ्माचा, म्हणजे तापून विद्युतभारित झालेल्या वायूचा. त्याचे शेजारचे थर वेगवेगळ्या वेगाने वाहू लागले की लाट वाढत जाते, असं सर शिकवत. गंधालीचं गणित सांगत होतं की तिच्या मांडणीत वेगातला फरक एका मर्यादेपलीकडे गेला, तर तोच लाटेला फाडून विझवतो. सरांना ते पटलं नाही, आणि सरांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुन्हा करता करता तिची फेलोशिप संपली. घरच्यांनी लग्न उरकलं. आता ती या खोलीत दहावीच्या पोरांना गणित शिकवते.

“गेल्या हप्त्यात कपाट आवरून राहिलो होतो,” सर पिशवीतून प्रकरण काढत म्हणाले. “हे हाती लागलं. पुन्हा सोडवून पाहिलं. तू समीकरणात वेळेचं चिन्ह अधिक धरलं होतं. मले उण्याची सवय. त्या सवयीनं वाचलं, म्हणून विझणारी लाट मले वाढताना दिसली. चूक माही होती, पोरी.”

गंधालीने त्या लाल शेऱ्यावरून बोट फिरवलं.

“तुले तवा समजलं नव्हतं?”

“समजलं होतं, सर. मी सांगितलंही होतं. तुमच्या केबिनच्या दारात.”

“काय म्हणालो मी?”

“तीस वर्षं झाले हेच करून राहिलो, तू मले शिकवतेस काय?”

सरांनी आठवून पाहिलं. दार आठवलं, टेबल आठवलं, हे वाक्य मात्र आठवेना. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि ती दिल्याचंही आपल्या ध्यानात नाही, या शरमेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मंग आता शिकव,” ते म्हणाले, आणि पोरांच्या बाकावर जाऊन बसले. “आता ऐकतो मी.”

गंधाली हसली. नको नको म्हणत उठली. फळ्यावर तिने पहिलं समीकरण झरझर लिहिलं. दुसऱ्याची सुरुवात केली आणि हात थांबला. अर्धं पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. प्रकरण सरांच्या मांडीवरच होतं, पण ते पुढे करायचा त्यांना धीर होईना.

“नाही येऊन राहिलं, सर,” ती फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली. मग तिने सगळा फळा स्वच्छ पुसला आणि वर आजची तारीख घालून खाली लिहिलं: त्रिकोणमिती, उदाहरणसंग्रह दोन.