विहिरीकडून चौथा प्लॉट

रस्ता आखायला येणाऱ्या माणसाला कोणी पाट मांडून बसवत नाही. सत्तावीस वर्षं मी भूमापनात आहे. शिव्या, शाप आणि उन्हाळा सगळं अंगवळणी पडलंय. तरी कोणी कामात आडवं आलं की माझं डोकं अजूनही तापतं.

त्या दिवशी आडव्या आल्या साळूबाई. बीड बायपासच्या मागच्या एका गुंठेवारीतून नव्या विकास आराखड्यातला नऊ मीटरचा रस्ता जाणार होता, आणि त्यात चार नंबरचा प्लॉट सगळाच्या सगळा जात होता. कागदोपत्री तो साळूबाईंच्या शेजारणीचा, मनकर्णाबाईंचा. नोटीस त्यांनाच गेलेली. सत्तरीच्या त्या विधवा बाईनं भांडी पोत्यात भरून ठेवली होती. मला "जयभीम, साहेब" म्हणाल्या आणि ओट्यावर गप्प बसल्या. भांडत होत्या त्या साळूबाई.

"तिचं घर पाडायचं आसंल तर रस्ता आधी माझ्या अंगावरनं न्या."

"मावशी, कायदा काय मी घरी बसून केला? बाजूला व्हा," मी खेकसलो. त्या हलल्या नाहीत. शेवटी मीच त्यांना वळसा घालून यंत्र लावलं.

हे यंत्र उपग्रहावरून जागा दाखवतं, त्याला शेजारधर्म कळत नाही. चार नंबरचे चारही कोपरे त्यानं साळूबाईंच्या घराभोवती दाखवले. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मनकर्णाबाईंचं घर पाच नंबरवर उभं होतं आणि पाडायचं घर साळूबाईंचं होतं.

घोळ कुठं झाला हे मनकर्णाबाईंच्याच आधी ध्यानात आलं. "यांनी विहिरीकडून मोजलं," त्या हळूच म्हणाल्या.

'यांनी' म्हणजे त्यांचे नवरे, कडुबा गवंडी. आठ प्लॉटांची ही ओळ. एका टोकाला जुना रस्ता, दुसऱ्या टोकाला विहीर. दोन्ही घरांनी तीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी बॉण्ड पेपरवर प्लॉट घेतले, कडुबांनी चार नंबरचा, साळूबाईंच्या घरानं पाच नंबरचा. कडुबांच्या गावी शेताचे वाटे विहिरीपासून मोजायची रीत. तसंच त्यांनी इथंही मोजलं, चौथ्यावर आपला पाया घेतला आणि पाचव्यावर साळूबाईंचा. नकाशातले नंबर मात्र रस्त्याकडून सुरू होत होते. विहिरीकडून चौथा तो नकाशात पाचवा, आणि पाचवा तो चौथा. पुढं गुंठेवारी नियमित करायच्या अर्जातही दोघींनी कागद बघून नंबर भरले. चूक तशीच राहिली.

साळूबाईंचा मुलगा विश्वजीत बिडकीनच्या कंपनीत कामाला. मोजणीसाठी रजा काढून आला होता. तो कागदावर बोट ठेवून म्हणाला, "म्हंजे साहेब, कागदानं पाच नंबर आमचा. मावशीचं घर आमच्या जागेवर हाय."

बोलताना त्यानं मनकर्णाबाईंकडं पाहिलं नाही. पोरगा वाईट नव्हता. बायको, दोन लेकरं आणि डोळ्यांदेखत जाणारं घर, माणूस काय करील?

आणि तो खोटंही बोलत नव्हता. मी दोघींना समजावून सांगितलं. अदलाबदल चुकून झाली असा जबाब दोघींनी दिला, तर दस्त करून कागद जागेप्रमाणे करता येतील. मग रस्त्यात घर जाईल साळूबाईंचं आणि मोबदलाही त्यांनाच मिळेल. दोघींपैकी एकीनं जरी जबाब दिला नाही तर कागद खरा, आणि मनकर्णाबाईंना घर सोडावं लागेल.

"कागदच खरा धरा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "चूक आमच्या माणसाची. त्यानं मोजलं, ते आम्हीच निस्तरू. साळूबाईनं लेकराबाळांसंगं कुठं जावं?"

"तू गप," साळूबाई म्हणाल्या आणि मुलाकडं वळल्या. "आयत्या बिळावर नागोबा व्हायचंय व्हय रं तुला? तुला कावीळ झाली तवा मी लासूरला माह्या बापाच्या आजारपणात अडकले व्हते. नऊ दिवस तुला मांडीवर घिऊन कोण बसलं? त्याच घरातून तिला काढतो?"

विश्वजीतनं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग म्हणाला, "लिवा साहेब. चुकून झालं म्हनून लिवा."

साळूबाईंनी पुन्हा दटावलं तेव्हा मनकर्णाबाईही जबाबाला तयार झाल्या. मी दोन्ही जबाब लिहिले, वाचून दाखवले. शेवटी पत्त्याची ओळ असते, पुढची नोटीस त्या पत्त्यावर जाते. सवयीनं विचारून गेलो, "साळूबाई, घर पाडल्यावर कागद कुठं पाठवायचे?"

साळूबाईंनी मान वळवून आपल्या घराकडं पाहिलं. मला स्वतःचाच राग आला. विश्वजीत पुटपुटला, "भाड्यानं बघू कुठंतरी."

"पाच नंबर लिवा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"तो तुमचा पत्ता झाला," मी म्हणालो. "मी साळूबाईंचा विचारतोय."

"तिचाच सांगते. पोराचा, सुनंचा, लेकरांचा बी त्योच. यांनी पाया दोन मजल्यांचा घातलाय, वर खोल्या काढता येतील. तवर खाली दाटीवाटीनं राहू."

"अगं पर मनकर्णाबाय, कायमचं कसं..."

"तुला आता इचारलं का कुनी?"

साळूबाईंनी सही केली आणि ओट्यावर बसून मोठ्यानं रडल्या. एरवी मी म्हणालो असतो, आवरा, मला आणखी सहा प्लॉट मोजायचेत. त्या दिवशी तसं म्हणालो नाही. दोन जबाब, दोन नावं आणि खाली एकच पत्ता. सत्तावीस वर्षांत असं कधी लिहिलं नव्हतं. चूक समजून कोणी खोडू नये म्हणून दोन्हीकडं त्या पत्त्यासमोर मी माझीही सही केली.