गेटवरचा हसरा फोटो

सिंधू गेली त्या दिवशी मी इंदिरानगरात एका बंगल्याचं गेट बसवत होतो. ग्राइंडर चालू होता, त्यामुळे फोन ऐकू आला नाही. ती कामाला होती त्या मसाल्याच्या कंपनीचा सुपरवायझर परत परत फोन करत होता. शेवटी उचलला तेव्हा म्हणाला, त्यांना जरा बरं वाटत नाहीये, दवाखान्यात या. खोटं बोलला. ती तेव्हाच गेली होती. दवाखान्याच्या पायरीवर लताबाई बसली होती. पॅकिंगला ती सिंधूच्या शेजारीच उभी असायची. डोक्यावरची कंपनीची टोपी तिने काढलेली नव्हती. मला बघून ती उठली, आणि मला कळलं. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

दहाव्याच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता. आमच्या मुलीने, वैष्णवीने, सिंधूचा आणि माझा मोबाइल पालथा घातला. लग्नाकार्यात, वणीच्या गडावर, घरात, सगळीकडे सिंधू ओठ मिटून उभी. शेवटी आधार कार्डावरचा लावला. त्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते.

मग लोक शिकवायला आले. माझा साडू रोज सकाळी फुलाच्या चित्रावर लिहून पाठवायचा, छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा, कामात मन रमवा. मी त्याला ब्लॉक केलं. दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर घ्यायच्या, त्यात कसला आनंद शोधायचा? काम ते काम. घरी येऊन भाकरी मीच थापतो आता, ती तव्यावर तुटते.

दोन महिन्यांनी लोखंडी पाइप आणायला अंबडला गेलो होतो. तिच्या कंपनीच्या गेटवर मोठा फ्लेक्स होता. ‘आनंद सप्ताह. हसत काम करा, कामात हसा.’ आणि खाली सिंधू. तोंड उघडून, सगळे दात दाखवत हसत होती. वीस वर्षांच्या संसारात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी टेम्पो तिथेच लावला. वॉचमन नको नको म्हणत असताना आत गेलो.

ऑफिसात रविराज नावाचा मुलगा होता, कामगारांचं बघणारा. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "काका, मॅडमचा फोटो बघून आम्हाला सगळ्यांना प्रेरणा मिळते."

मी म्हणालो, "अकरा वर्षं ती तुमच्याकडे कंत्राटात राबली. तेव्हा तिला मॅडम कोण म्हणत होतं?"

फ्लेक्स उतरवायला त्याची हरकत नव्हती. पण फोटो कंपनीने निवडलेला नाही, पॅकिंगच्या तिसऱ्या लाइनच्या बायकांनी दिलाय, सप्ताहात सिंधूताईच पाहिजेत म्हणून त्या अडून बसल्या, असं त्याने सांगितलं. त्यांना एकदा विचारा, म्हणाला. मी म्हणालो, विचारत नाही, सांगतो. आणि त्याच्याबरोबर आत गेलो.

आत मसाल्याचा ठसका होता. पाकिटं सील करणारं एक जुनं मशीन मध्ये, आणि दोन्ही बाजूंनी बायका. लताबाई मला बघून हातातलं खोकं ठेवत होती, तेवढ्यात मशीन खाडकन थांबलं. टोकाला ज्योत्स्ना म्हणून एक बाई होती, नवीन. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. तिने मशीनच्या पत्र्यावर चापट मारली.

"झालं, रुसला वाल्मीक. चल रे बाबा, तुझ्या पाया पडू का आता?"

दोघी-तिघी हसल्या. बाकीच्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसणं तिथेच थांबलं.

वाल्मीक हे माझं नाव.

सिंधूने माझं नाव कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. नंतर अहो, आणि मुलगी झाल्यावर वैष्णवीचे पप्पा. चांदवडकडे आमच्या गावात तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. दवाखान्यात केसपेपर काढतानासुद्धा ती माझ्याकडे बघायची, मग मी सांगायचो.

"माझं नाव मशीनला कुणी दिलं?" मी विचारलं.

लताबाई म्हणाली, "सिंधूनं. कोण देणार दुसरं? बोलत नाय, ऐकत नाय, मधीच अडतंय आणि दोन टोले दिले की परत चालतंय. म्हणाली, हे आमच्या घरातलंच हाय."

"म्हणजे अकरा वर्षं तुम्ही मला हसत होत्या."

"हसत होतो, दाजी. रोज हसत होतो. आठ तास उभं राहून मिरचीची धूळ खायची, तर काय रडत खायची? वाल्मीक जेवला का, वाल्मीकला ताप आला, वाल्मीक आज लाडात हाय. तिचं चालूच असायचं. तुम्हाला राग आला तर येऊ द्या."

मला राग आला होताच. कंपनीचा आला, त्या बायकांचा आला, आणि सगळ्यात जास्त सिंधूचा. घरी येऊन ती मुकाट्याने पोळ्या करायची. तिथे माझं नाव घेऊन हसायची आणि घरी एकदा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी चिडलो असतो. चिडलो असतो तर काय झालं असतं? चार शब्द तरी झाले असते.

मी सांगितलं, फोटो आजच उतरवणार आणि हे नाव बंद करायचं.

"फोटो न्या," लताबाई म्हणाली. "तुमचाच हाय. नाव नाय बंद होणार. ते तिनं ठेवलंय, तुम्ही कोण बंद करणार?"

मग मला वाटेला लावत दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तो फोटो मी काढलाय. मशीन अडलं होतं. ती त्याला हाक मारत होती."

रविराजने शिडी आणून दिली. टेम्पोतून कटर काढून मी वर चढलो. फ्लेक्स चार कोपऱ्यांना दोरीने बांधला होता. पहिली दोरी कापली तसा तो वाऱ्याने फडफडायला लागला. सिंधूचं उघडं तोंड माझ्या तोंडासमोर होतं. खाली रविराज शिडी धरून उभा होता, काका सावकाश, काका सावकाश, म्हणत. मी त्याला गप बस म्हणालो.

मग खाली उतरलो. बाकीच्या दोऱ्या का कापल्या नाहीत, हे त्याने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी त्याला धरून हाणला असता. पाइप न घेताच घरी आलो.

आनंद सप्ताह संपून बरेच दिवस झाले. माझा राग गेलेला नाही. कंपनीला मी बजावून ठेवलंय, फ्लेक्सला कुणी हात लावायचा नाही, मी येऊन उतरवीन. एक दोरी कापली आहे. तीन कापायच्या राहिल्या आहेत.