परक्या ठरवलेल्या

सरांना सगळा खगोलशास्त्र विभाग ‘चाळणीवाले’ म्हणायचा, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकांच्या गोतावळ्यांच्या, समूहाचं वजन करायचं तर आधी चाळून घ्या, असा त्यांचा खाक्या. आकाशाला तराजू लावता येत नाही. मग एकेका दीर्घिकेच्या प्रकाशावरून तिचा वेग मोजायचा. एवढ्या वेगाने धावूनही त्या उधळून जात नाहीत, म्हणजे त्यांना धरून ठेवणारं वजन तेवढंच दांडगं. वेगांमधली तफावत जास्त, तर वजन जास्त. मेख एवढीच, की अलीकडच्या-पलीकडच्या परक्या दीर्घिकाही त्याच चित्रात घुसून बसतात. ज्यांचा वेग इतरांहून फारच वेगळा, त्यांच्यावर सर फुली मारत, उरलेल्यांची तफावत काढत आणि पुन्हा फुल्या मारत.

तिथेच ते फसले होते. प्रत्येक फेरीत तफावत आकसत गेली आणि घरच्याच दीर्घिका परक्या ठरून बाहेर पडल्या. त्यांच्या विद्यार्थिनीच्या हे लक्षात आलं, तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. याच समूहाच्या वजनावर सरांचं नाव झालेलं, आणि उद्या निरोपाचं भाषणही त्यावरच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. या माणसाने तिला बोट धरून आकाश वाचायला शिकवलं होतं. त्यालाच आज दुखवायचं होतं.

दुपारी ती त्यांच्या खोलीत गेली. पुस्तकं खोक्यांत भरून झाली होती. भिंतीवर समूहाचा मोठा फोटो तेवढा उरला होता, आणि त्याच्या काचेवर सरांनी मेणाच्या लाल पेन्सिलीने मारलेल्या फुल्या.

“सर, थोडं बोलायचं होतं.”

“बोल की. तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?”

तिने सगळं एका दमात सांगितलं. फुली मारलेल्यांपैकी बहुतेक दीर्घिका समूहाच्या मध्याजवळ आहेत. तिथे ओढ सगळ्यात जास्त, तेव्हा त्या जोरात धावणारच. त्या आपल्याच आहेत. त्या धरल्या तर वजन जवळजवळ दीडपट होतं.

सर चष्मा काढून पुसत बसले. काच लख्ख झाली तरी पुसतच राहिले. तिला वाटलं, आपण बोललोच नसतो तर बरं झालं असतं.

“सर, रागावलात?”

“अगं, वीस वर्षं झाली त्या आकड्याला,” ते सावकाश म्हणाले. “लोकांनी वापरला, मान डोलावली, पुढे गेले. पुन्हा मोजून कोणी पाहिला नाही. मला वाटायचं, चुकलं काय नि बरोबर आलं काय, कोणाला पडलेलीच नाही.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “तू एकेक पुन्हा मोजलीस?”

“सगळ्या.”

“गुणाची गं माझी पोर.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सरांनी रुमाल काढला, तिला देऊ केला, मग तोच घेऊन फोटोपाशी गेले.

“दाखव बघू, कोणाकोणाला हाकललं मी.”

ती बोट ठेवत गेली, ते फुली पुसत गेले. “ये गं, ये. फार दिवस बाहेर ठेवलं तुला. तूही ये. तू तर अगदी चुलीजवळची, तुझ्यावर कशी मारली मी फुली!” ती रडता रडता हसायला लागली.

कडेला एक फुली राहिली. सरांचा हात त्या फुलीकडे वळला, तशी ती पटकन म्हणाली, “ती नको, सर. ती खरंच परकी आहे. पार पलीकडची.”

“एकटीच राहील की बिचारी.”

“सर!”

“बरं बरं. तू म्हणशील तसं.” त्यांनी तो लाल झालेला रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग पेन्सिल तिच्या हातात दिली. “नवा आकडा तूच लिही. आणि उद्या शेजारी उभी राहा. लोकांनी विचारलं, तर मला सांगता यायला हवं, कोणी मोजलं ते.”