पिवळं दार

दाराला पिवळा रंग मी काही हौसेनं दिला नव्हता. सत्तरी उलटल्यावर ॲरिझोनाच्या उन्हात ब्रश घेऊन उभं राहण्याची हौस कुणाला असते? आमच्या वसाहतीत बेचाळीस घरं. सगळी वाळूच्या रंगाची, सगळ्यांची दारं तपकिरी, प्रत्येकापुढे तीच खडी आणि तोच एकुलता एक निवडुंग. पाहुणे घर चुकायचे तेव्हा आम्ही हसायचो. मग माझा नवरा हार्लन चुकायला लागला. फेरी मारून परतताना कुणाच्याही स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. एकदा शेजारच्या डोलोरेस किंटेरोच्या टेबलाशी बसून त्यानं तिलाच विचारलं, "बाई, तुम्ही माझ्या घरात काय करताय?"

डॉक्टरीण म्हणाली, घराला एखादी ठसठशीत खूण करा. मी दार पिवळंजर्द केलं. महिन्याभरात हार्लन दोन गल्ल्या ओलांडून थेट घरी येऊ लागला. माझं नाव कधी आठवायचं, कधी नाही. दार मात्र पक्कं.

आणि वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनची नोटीस आली. पंधरा दिवसांत दार तपकिरी करा, नाहीतर आम्ही करू. सोबत तपकिरी रंगाचा डबाही धाडला होता, म्हणजे माझ्याकडे सबब उरायला नको.

मी तडक अध्यक्षीण ग्वेन प्रुइटच्या घरी गेले.

"मिसेस टॉलिव्हर, माझ्या हातात काही नाही हो. नोटिसा कंपनी काढते. ज्यांना आपण कारभार बघायला नेमलंय ना, ते."

कंपनीला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "बोर्ड सांगेल तेच आम्ही करतो, मॅडम."

पुन्हा ग्वेनकडे. "बोर्ड नियम पाळतं," ती म्हणाली. "नियम सभासदांनी केलेत."

"सभासद म्हणजे कोण?"

"म्हणजे... तुम्हीच की!"

घरी येऊन मी बर्फ घातलेला चहा प्यायले, पण डोकं काही थाऱ्यावर येईना. म्हणजे मीच मला नोटीस पाठवली होती?

डोलोरेस म्हणाली, "असं कसं? नियम कुणी केला, कधी केला, कागद दाखवायला सांग. सभासदानं मागितले तर दाखवावेच लागतात." आम्ही दोघी क्लबहाउसात जाऊन बसलो आणि जुन्या सभांची बाडं उपसू लागलो. सोळा वर्षांपूर्वीच्या पानावर सापडलं: 'सर्व दारे एकाच रंगाची असावीत. सूचक, हार्लन टॉलिव्हर. अनुमोदक, व्हर्ना टॉलिव्हर.'

व्हर्ना टॉलिव्हर म्हणजे मी.

"माझं दार लाल होतं," डोलोरेस शांतपणे म्हणाली. "विसरलीस?"

"शप्पथ, विसरले होते गं." मला तोंड वर करवेना. "तू तेव्हा भांडली का नाहीस?"

"भांडले की! तूच म्हणालीस, पटत नसेल तर दुसरीकडे राहायला जा."

तिनं चष्मा सरसावला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "एकाच रंगाची. ठीक. पण कुठला रंग, ते कुठे लिहिलंय?"

पुढचा आठवडाभर डोलोरेस घरोघर फिरली. सभेला क्लबहाउस भरून गेलं. लोकांनी ग्वेनला नुसतं फैलावर घेतलं. आजाऱ्याच्या दारावर उठलेलं बोर्ड कुणासाठी आहे, आणि नोटीस काढायचं नक्की ठरवलं कुणी? ग्वेन कंपनीकडे बघत होती, कंपनीचा माणूस छताकडे. शेवटी डोलोरेसनं सूचना मांडली, सगळीच दारं पिवळी करा. हार्लननं मला विचारलं, "कशावर मतदान आहे?" मी म्हटलं, "दारावर." त्यानं हात असा रुबाबात वर केला की मला रडू फुटलं. सूचना पास झाली.

"म्हणजे आता नियम मोडला की पाळला?" ग्वेननं विचारलं.

शनिवार-रविवारी एक्केचाळीस दारं रंगली. ग्वेनचंही. माणसं आमच्या घरावरून जाताना हात हलवत होती. इतकं प्रेम मला या वसाहतीत तीस वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला दाखवलं नव्हतं.

सोमवारी सकाळी हार्लन फेरीला गेला. तासाभरानंही परतला नाही.

तिसऱ्या गल्लीत सापडला. भर रस्त्यात टोपी हातात घेऊन उभा होता आणि या दाराकडून त्या दाराकडे बघत होता. मला पाहून म्हणाला, "व्हर्ना." त्या दिवशी नाव आठवलं होतं. "हे सगळं आपलंच आहे का गं?" तो घाबरलेला होता.

बेचाळीस घरांतल्या एकालाही हे सुचू नये? इतरांचं सोडा, मला सुचू नये?

डोलोरेस धावत आली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, काय करून बसलो आपण! आजच्या आज मी माझं पूर्वीसारखं करते." पण ग्वेननं सांगितलं, ठराव झालाय, आता पुढच्या वार्षिक सभेपर्यंत रंग बदलता येणार नाही. तिचंही काही चुकत नव्हतं. त्याचाच मला जास्त संताप आला.

मी तो तपकिरी डबा उघडला. आता वेगळा रंग तोच होता. हार्लन काडीनं रंग ढवळून देत होता. रस्त्यावर ग्वेनची गोल्फ-गाडी थांबली.

"मिसेस टॉलिव्हर, हे... नियमात बसत नाही हो."

"ठाऊक आहे. पाठव नोटीस."

तिनं पाठवली. खाली लिहिलं होतं, 'सर्व सभासदांच्या वतीने.'

पण हार्लनला तपकिरी दार कळत नाही. तो पिवळंच शोधतो आणि वसाहतभर पिवळंच आहे. म्हणून तो फेरीला निघाला की मी दारापुढे खुर्ची टाकून बसते, अंगात पिवळा झगा घालून. घरापुढे खुर्ची ठेवायला मनाई आहे. तो नियम कुणी केला, हे मी आता विचारत नाही.

काल तो आला, खडीवर थांबला आणि मला न्याहाळत राहिला.

"बाई, इथं माझं एक दार होतं. पिवळं. पाहिलंत का कुठे?"

"मीच ते," मी म्हटलं.

त्यानं माझ्या झग्याची बाही चिमटीत धरून नीट पाहिली. मग टोपी काढली आणि आत गेला.